वॉल्टर जीएसपी: सुट्या भागांच्या पिस्तुलात खरोखर काय बदलावे

पंचवीस मीटर पिस्तूल या प्रकारात नेमबाजी करणाऱ्या पुण्यातील मंडळींच्या हाती एखादे जुने वॉल्टर जीएसपी कधी ना कधी येतेच. ते बहुधा एखाद्या ज्येष्ठ खेळाडूच्या परवान्यावरून रीतसर हस्तांतरित झालेले असते. मी वापरते ते पिस्तूलही असेच माझ्याकडे आले आणि आता माझ्याबरोबर सराव करणाऱ्या मुलीही त्यावर हात बसवतात. हे परीक्षण मी मुख्यतः एका प्रश्नासाठी लिहीत आहे, कारण रेंजवर तो मला सारखा विचारला जातो. या अर्धस्वयंचलित पिस्तुलाचे जवळजवळ सगळे भाग सुटे होतात आणि बदलता येतात, तर मग त्यातले नेमके काय बदलावे? माझे उत्तर सुरुवातीलाच सांगते. मूठ आपल्या हाताप्रमाणे करून घ्यावी आणि त्यासाठी हवा तितका वेळ द्यावा. ट्रिगर नियमात बसवून मग त्याला हात लावू नये. बाकीच्या भागांना, ते झिजलेले नसतील तर, तसेच राहू द्यावे. कानस चालवलेल्या मुठीने माझ्या गुणांमध्ये जो फरक पडला, तो विकत घेतलेल्या कोणत्याही सुट्या भागाने पडलेला नाही.

जर्मनीतील उल्म येथील कार्ल वॉल्टर कंपनीने जीएसपी १९६८ साली बाजारात आणले. त्या काळच्या स्पर्धांमध्ये एकाच नेमबाजाला पॉइंट टू-टूचे (०.२२ इंच मापाच्या गोळीचे) पिस्तूल आणि पॉइंट थ्री-टूचे सेंटर फायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आघात करणारे) पिस्तूल अशी दोन्ही लागत. प्रत्येकासाठी वेगळी मूठ आणि वेगळा ट्रिगर यांची सवय करणे अवघड होते. जीएसपीच्या रचनाकारांनी खालचा सांगाडा, मूठ आणि दृष्टिरेषा कायम ठेवली आणि नळी, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा, मागे-पुढे सरकणारा भाग), मॅगझिन (गोळ्यांची पेटी) व ट्रिगरचा संच हे भाग बदलता येतील अशी व्यवस्था केली. ट्रिगरची सगळी यंत्रणा एका डबीसारख्या स्वतंत्र संचात बसवलेली आहे. हा संच अख्खा बाहेर येतो आणि त्याच्या जागी दुसरा बसतो. पॉइंट टू-टूसाठी १००० ग्रॅमचा आणि सेंटर फायरसाठी, जुन्या नियमानुसार, १३६० ग्रॅमचा संच मिळत असे. सुटे भाग बदलण्याची सोय या पिस्तुलाला मागाहून जोडलेली नसून मूळ आराखड्यातच विचारपूर्वक आणलेली आहे आणि म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही ते कामाचे राहिले आहे.

या आराखड्यातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय मॅगझिनच्या जागेचा आहे. नेहमीच्या लष्करी किंवा पोलिसी पिस्तुलात मॅगझिन मुठीच्या पोकळीत शिरते, त्यामुळे मुठीची जाडी आणि तिचा कल हे बऱ्याच अंशी मॅगझिनच ठरवते. तेथे हौशी माणूस फार तर बाजूच्या पट्ट्या बदलू शकतो. जीएसपीचे पाच गोळ्यांचे मॅगझिन ट्रिगरच्या पुढे बसते आणि मुठीचे लाकूड पूर्णपणे मोकळे राहते. हाताला हवा तसा उंचवटा, खोलगटपणा आणि कल देण्यासाठी तेथे जागा असते. याची किंमत म्हणून पिस्तुलाचे वजन पुढे सरकते. ज्यांना हलके, मनगटाजवळ तोललेले पिस्तूल आवडते त्यांना जीएसपी सुरुवातीला पुढच्या टोकाला जड वाटते. मला मात्र हा पुढचा भार उपकारक वाटतो, कारण हात वर येऊन थांबताना पिस्तूल लवकर स्थिरावते. पॉइंट टू-टूची नळी १०७ मिलिमीटरची आहे. नियमाने १५३ मिलिमीटरपर्यंत परवानगी असताना ही लांबी तोकडी वाटते, परंतु दोन साइटमधले, म्हणजे नेम धरण्याचा पुढचा खांब आणि मागची खाच यांच्यातले, अंतर नियमाच्या कमाल मर्यादेइतके, म्हणजे २२० मिलिमीटर मिळते आणि नेम त्याच अंतरावर अवलंबून असतो.

आता मुठीकडे वळते. महिलांच्या पंचवीस मीटर पिस्तूल स्पर्धेत ६० गोळ्या असतात. त्यातल्या पहिल्या ३० अचूकतेच्या टप्प्यात पाच मिनिटांत पाच अशा गतीने झाडायच्या असतात. उरलेल्या ३० जलद टप्प्यात झाडायच्या असतात आणि तेथे लक्ष्य सात सेकंद बंद राहून तीन सेकंदच उघडते. हात ४५ अंशांत खाली धरलेला असतो. तीन सेकंदांत तो वर आणायचा, नेम दिसायला हवा आणि गोळी सुटायला हवी. या वेळात नेम शोधत बसणे शक्य नसते. हात वर पोहोचेल तेव्हा पुढच्या साइटचा खांब मागच्या खाचेत आधीच मधोमध आलेला असावा लागतो आणि हे काम डोळा करत नाही, मूठ करते. अचूकतेच्या टप्प्यात वाईट मूठ सांभाळून घेता येते, कारण तेथे वेळ आहे. जलद टप्प्यात मात्र तिचा दोष सरळ लक्ष्यावर उमटतो.

कारखान्यातून आलेली मूठ अक्रोडाच्या लाकडाची, खरबरीत टिपके उठवलेली आणि खाली सरकणारा तळहाताचा आधार असलेली असते. ती लहान, मध्यम आणि मोठ्या मापांत मिळते, पण माप हाताच्या रुंदीचे असते आणि हात केवळ रुंदीने वेगळे नसतात. आपल्याकडच्या अनेक मुलींची बोटे सडपातळ आणि तळहात लांबट असतो. अशा हातात लहान मापाची मूठ दिली तर रुंदी जुळते, पण तर्जनी ट्रिगरवर नीट पोहोचत नाही किंवा उलट फार पुढे जाऊन ट्रिगर कडेने ओढते. ट्रिगरवर तर्जनीचे पहिले पेर यावे आणि दाब नळीच्या रेषेत सरळ मागे जावा, हे मुठीचे पहिले काम आहे. त्यासाठी अंगठ्याच्या बेचक्यामागे किती लाकूड आहे ते पाहावे लागते, कारण हात तेथे पुढे किंवा मागे सरकतो. दुसरे काम मधल्या बोटाचे आहे. पिस्तुलाचा खरा भार ट्रिगर-गार्डखालच्या मधल्या बोटावर यावा. अंगठा नुसता विसावावा, त्याने दाबू नये, आणि करंगळीने तर अजिबात आवळू नये.

मूठ तपासण्याची रीत जुनी आहे आणि आजही तिला पर्याय नाही. रिकामे पिस्तूल हातात घ्यावे, रोख सुरक्षित भिंतीकडे ठेवावा, डोळे मिटून हात वर आणावा आणि नेमाच्या उंचीवर आल्यावर डोळे उघडावेत. पुढचा खांब खाचेत कोठे दिसतो ते पाहावे. तो पुन्हा पुन्हा एकाच बाजूला दिसत असेल तर मनगट वळवून तो मध्ये आणायचा नाही. मूठ कोठे हाताला ढकलते आहे ते शोधायचे. मी हाताला बारीक खडूची पूड लावून मूठ धरायला सांगते. पूड जेथे दाट उमटते तेथे लाकूड दाबते आहे आणि जेथे काहीच उमटत नाही तेथे पोकळी आहे. दाबणारी जागा लगेच कानसायची घाई करू नये. आधी पोकळी दोन घटकांच्या पुट्टीने भरून पाहावी, कारण भरलेली पुट्टी पुन्हा काढता येते आणि काढलेले लाकूड परत येत नाही. बहुतेक वेळा पोकळी भरली की दाब आपोआप वाटला जातो आणि कानस फार चालवावी लागत नाही. पुट्टी वाळल्यावर पॉलिश पेपरने एकसारखी करून काही आठवडे तशीच वापरावी. हात बसायला तेवढा वेळ लागतो आणि हात बसायच्या आत मूठ पुन्हा बदलली तर आपण काय सुधारले आणि काय बिघडवले हे कधीच कळत नाही.

नियमांचे भान येथे सुटता कामा नये. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमानुसार तळहाताचा आधार मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करू शकत नाही आणि त्याची कड वर वळवून हात कोंडून ठेवता येत नाही. मनगट पूर्ण मोकळे दिसले पाहिजे. मॅगझिनसह रिकाम्या पिस्तुलाचे वजन १४०० ग्रॅमच्या आत असावे आणि सगळे पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसावे. ही ५० मिलिमीटरची रुंदी हौसेने केलेल्या मुठींचा घात करते. अंगठ्याच्या बाजूला सुंदर पसरट विसावा कोरलेला असतो आणि तपासणीच्या टेबलावर पेटीचे झाकण बसत नाही. घरी प्लायवूडची त्याच मापाची पेटी करून ठेवावी आणि पुट्टीचा प्रत्येक थर दिल्यावर पिस्तूल त्यात घालून पाहावे. आधार तळहाताला हलका टेकावा एवढाच ठेवावा. तो वर सरकवून हात घट्ट अडकवण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. तसे केले की गोळीनंतर हात नैसर्गिक रीतीने परत येत नाही आणि पुढच्या गोळीची रेषा दर वेळी वेगळी निघते.

पुण्यात नवी मूठ करून घेणे जमते. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये वाळलेले सागवान आणि शिसव सहज मिळते. अक्रोडासाठी शोधाशोध करावी लागते, पण मुठीसाठी त्याचा आग्रह धरायचे कारण नाही. शिसव जड आहे आणि वजन मागे आणते. पुढे जड वाटणाऱ्या जीएसपीला ते काही हातांत शोभते. मी मूठ एका कोरीव काम करणाऱ्या सुतारकाकांकडून करून घेतली. त्यांनी यापूर्वी पिस्तूल पाहिलेले नव्हते आणि त्यांना ते दाखवण्याची गरजही पडली नाही. जुनी मूठ आणि मातीत घेतलेला हाताचा ठसा एवढ्यावर त्यांनी काम केले. शस्त्र घराबाहेर कारागिराकडे न्यायचेच नाही, हा नियम मी काटेकोर पाळते आणि इतरांनीही पाळावा. काकांच्या कामाबद्दल मनापासून सांगावेसे वाटते की लाकडाच्या शिरा कोणत्या दिशेने आहेत ते पाहून त्यांनी तुकडा निवडला. त्यामुळे सांगाड्याला धरणाऱ्या स्क्रूच्या बाजूने मूठ चिरण्याची भीती राहिली नाही. वॉर्निश मात्र लावून घेऊ नये. गुळगुळीत वॉर्निशवर मार्च-एप्रिलमध्ये घामाने हात निसटतो. जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत. पावसाळ्यात लाकूड किंचित फुगते आणि जूनमध्ये घट्ट वाटणारी मूठ दिवाळीनंतर मोकळी वाटते. तेव्हा मोठे फेरबदल कोरड्या महिन्यांत करावेत आणि पावसाळ्यात केवळ स्क्रूचा ताण तपासत राहावे.

ट्रिगरबद्दल माझे मत अधिक कठोर आहे. नियमाने पंचवीस मीटरच्या पिस्तुलाचा ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा असावा लागतो. तपासणीत नळी उभी धरून ट्रिगरवर वजन टांगतात आणि ते उचलण्यासाठी तीनच संधी मिळतात. बरोबर हजारावर लावलेला ट्रिगर घरी तिन्ही वेळा वजन उचलतो आणि स्पर्धेच्या दिवशी, तेल पातळ झाल्यावर किंवा पृष्ठभाग घासून आणखी गुळगुळीत झाल्यावर, सोडून देतो. म्हणून तो हजाराच्या थोडा वर, सुरक्षित अंतरावर ठेवावा. त्या मोजक्या ग्रॅमचा बोटाला काही फरक जाणवत नाही. जीएसपीच्या संचात पहिला मोकळा प्रवास, त्यानंतरचा थांबा आणि सुटल्यानंतरची अडवणूक यांसाठी स्क्रू दिलेले आहेत आणि बदल करायचा तर या स्क्रूंनीच करावा. आतल्या पकडीच्या कडा दगडावर घासून ट्रिगर हलका करण्याची जी कारागिरी कधीकधी सांगितली जाते ती पूर्णपणे टाळावी. त्या कडांवरचा कडक थर पातळ असतो. तो गेला की ट्रिगर हलका होत जातो आणि एक दिवस बोल्ट पुढे येतानाच्या धक्क्याने गोळी सुटू शकते. पॉइंट टू-टू असला तरी तो धोका रेंजवरच्या प्रत्येकासाठी आहे. संच झिजला असेल तर परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडून अख्खा संच बदलून घ्यावा. सुटा संच ही सोय आहे ती त्यासाठीच.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरची पिस्तुले आता पुष्कळ दिसतात. त्यांचा स्पर्श अतिशय स्वच्छ असतो हे मान्य करते, पण जीएसपीच्या निव्वळ यांत्रिक ट्रिगरवर माझा विश्वास अधिक आहे, कारण त्यात काय चालले आहे ते डोळ्यांनी दिसते आणि हाताने कळते. अर्थात यांत्रिक भागही मोडतात. टोकियोत २५ जुलै २०२१ रोजी दहा मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, मोलाची मिनिटे गेली आणि ५७५ गुणांवर तिची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्याच खेळाडूने २०२४ मध्ये पॅरिसला दोन कांस्यपदके मिळवली, म्हणजे कमतरता तिच्या खेळात नव्हती. स्पर्धेला जाताना जीएसपीचा आधीच वजन तपासलेला दुसरा ट्रिगर-संच परवानगी घेऊन जवळ बाळगता आला, तर मी तो नक्की बाळगेन. मी सुचवते त्या मोजक्या खर्चांपैकी हा एक आहे.

साइटच्या बाबतीत बदलण्यासारखे थोडे आहे, पण ते समजून बदलावे. अचूकतेच्या टप्प्यातील लक्ष्यावरचा काळा भाग २०० मिलिमीटर व्यासाचा आणि दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटरचे असते. जलद टप्प्यातील लक्ष्य ५०० मिलिमीटरपर्यंत काळे आणि दहाचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे असते. एकाच खाचेतून दोन्ही पाहायचे असतात. अरुंद खाच अचूकतेच्या टप्प्यात बारीक नेम देते, पण मोठ्या काळ्या पडद्यासमोर तीन सेकंदांत खांबाच्या दोन्ही बाजूंचा उजेड दिसेनासा होतो. मी खाच जरा रुंद ठेवते आणि बाजूच्या उजेडाच्या दोन पट्ट्या मिळून खांबाच्या रुंदीच्या जवळपास याव्यात असे पाहते. पंचवीस मीटरच्या बहुतेक रेंजवर नेमबाज छपराखाली आणि लक्ष्य उजेडात असते. बालेवाडीला पावसाळी ढग दाटले की हीच खाच पुन्हा अरुंद भासते. तेव्हा स्क्रू फिरवण्याचा मोह आवरावा आणि उजेडानुसार लक्ष्यावरच्या गोळ्यांच्या गटाची जागा किती सरकते ते वहीत टिपून ठेवावे. ढगाळ दिवसाच्या नोंदी असल्या की स्पर्धेत साइटच्या स्क्रूच्या दोन-तीन टिचक्यांत काम भागते.

वजने आणि स्प्रिंग यांच्याविषयी हौशी नेमबाजांत सर्वाधिक उत्साह असतो आणि माझ्या मते याच दोन गोष्टींवर सर्वाधिक पैसा वाया जातो. नळीखाली वजन लावल्याने पिस्तुलाची उसळी कमी होते हे खरे आहे, पण जीएसपी मुळातच पुढे जड आहे आणि आणखी वजनाने खांदा शेवटच्या दहा गोळ्यांत थकतो. ज्या मुली स्नायूंचा व्यायाम नियमित करत नाहीत त्यांना मी वजन लावू देत नाही. स्प्रिंगचे गणित वेगळे आहे. या पिस्तुलात बोल्टला कुलूप नसते. गोळीच्या दाबाने काडतुसाचे कवच बोल्टला मागे ढकलते आणि त्या ढकलण्याला रोखून धरतात ते बोल्टचे वजन आणि मागची स्प्रिंग. हे दोन्ही मध्यम वेगाच्या, म्हणजे स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या पॉइंट टू-टू गोळीसाठी ठरवलेले आहेत. अधिक ताठ स्प्रिंग घातली तर बोल्ट पुरता मागे जात नाही, रिकामे कवच अडकते आणि पुढची गोळी वर येत नाही. सैल स्प्रिंग घातली तर बोल्ट मागे आपटत राहतो आणि सांगाड्याला मार बसतो. वेगवान गोळ्या वापरल्यास मूळ स्प्रिंग असूनही तोच मार बसतो. त्यामुळे जोर कमी-जास्त करणाऱ्या स्प्रिंगच्या संचांच्या नादी लागू नये. मूळ मापाची नवी स्प्रिंग वेळेवर घालावी आणि एका प्रकारच्या गोळीवर टिकून राहावे. पिस्तूल अडकू लागले की पहिला संशय स्प्रिंगवर न घेता मॅगझिनच्या वरच्या ओठांवर घ्यावा. मॅगझिन फरशीवर पडून ओठ किंचित वाकलेले असतात आणि वर्षानुवर्षे दोष भलत्याच भागाला दिला जातो. दोन्ही मॅगझिनवर खूण करून कोणत्यावर अडते ते पाहिले की उलगडा होतो. रिकामे ट्रिगर दाबण्याचा सराव करताना नळीत सरावाचे प्लॅस्टिकचे काडतूस घालावे, कारण कडेवर आघात होणाऱ्या पॉइंट टू-टूमध्ये रिकाम्या आघाताने चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेची, कड दबते.

पॉइंट थ्री-टूमध्ये रूपांतर करण्याचा संच हा जीएसपीचा मूळ गौरव असला तरी पुण्यातील बहुतेकांनी त्याच्या मागे लागू नये. त्याला शिसे कवचाच्या तोंडाशी सपाट बसवलेली वॉडकटर गोळी लागते. भारतीय पॉइंट थ्री-टू रिव्हॉल्व्हरची गोल टोकाची गोळी नाव जवळचे असूनही या मॅगझिनमध्ये चालत नाही. शिवाय परवान्यावर बोअरची (नळीच्या मापाची) नोंद असते, तेव्हा दुसऱ्या बोअरची नळी आणि बोल्ट जवळ ठेवणे हा केवळ हौसेचा प्रश्न उरत नाही.

येथे कायद्याविषयी स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य समजते. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार शस्त्राचे सुटे भाग हेही शस्त्रांत मोडतात. दुरुस्ती आणि रूपांतर हा व्यवसाय करायला त्याच कायद्याखाली परवाना लागतो आणि त्याचे तपशील शस्त्र नियम २०१६ मध्ये आहेत. परदेशी संकेतस्थळावर नळी किंवा बोल्ट टोपलीत टाकून कुरिअरने मागवता येत नाही. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत मायक्रॉनपर्यंत अचूक काम करणारे कारखाने आहेत आणि आपल्या ओळखीत कोणी ना कोणी लेथवाले असतातच. पण दाब सहन करणारा किंवा गोळी झाडण्याशी संबंधित कोणताही भाग त्यांच्याकडून करून घेणे हा गुन्हा आहे, शिवाय चुकीच्या पोलादाचा बोल्ट तोंडासमोर फुटू शकतो. लाकडी मूठ, सरावाची पेटी, बोहरी आळीत मिळणाऱ्या चांगल्या प्रतीच्या ॲलन-चाव्या आणि साफसफाईचे सामान यांत स्थानिक कारागिरीला भरपूर वाव आहे. पोलादी भागांसाठी परवानाधारक दुरुस्ती करणारा किंवा नामवंत नेमबाजांच्या आयातीचा अधिकृत मार्ग एवढेच दोन रस्ते आहेत. दुसऱ्या रस्त्याला वेळ लागतो. एका विक्रेत्याने आयात केलेली म्हणून दिलेली स्प्रिंग मूळ स्प्रिंगशेजारी ठेवल्यावर तारेची जाडीच वेगळी निघाली. भाग घेताना जुना भाग आणि जाडी मोजायचे व्हर्नियर सोबत न्यावे.

नवी आधुनिक स्पर्धापिस्तुले जीएसपीपेक्षा मऊ उसळतात, त्यांची नळी हाताला अधिक जवळ बसते आणि जलद टप्प्यात त्यांचा फायदा दिसतो. राष्ट्रीय संघाच्या उंबरठ्यावर असलेल्या खेळाडूला मी जीएसपी घे असे सांगणार नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले. त्या पातळीच्या स्पर्धेत प्रत्येक गुण मोजून घ्यावा लागतो. मात्र जिल्हा आणि राज्य पातळीवर खेळणाऱ्या, स्वतःचे पहिले पॉइंट टू-टू पिस्तूल शोधणाऱ्या खेळाडूसाठी, विशेषतः हाताचे माप चारचौघांसारखे नसलेल्या मुलीसाठी, सुस्थितीतील जीएसपी उत्तम आहे, कारण ते तिच्या हाताप्रमाणे होऊ शकते.

विकत घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. सांगाड्यावरचा क्रमांक विकणाऱ्याच्या परवान्यावरील क्रमांकाशी अक्षरशः जुळला पाहिजे आणि हस्तांतरणाची परवानगी पोलीस आयुक्तालयाकडून हातात आल्याखेरीज पिस्तूल ताब्यात घेऊ नये. ट्रिगर-संच १००० ग्रॅमचा आहे की १३६०चा ते वजन टांगून पाहावे, कारण जुन्या पेट्यांमध्ये संच अदलाबदल झालेले आढळतात. चेंबरच्या कडेवर आघाताची खूण आहे का ते भिंगाने तपासावे आणि जी मॅगझिन मिळणार आहेत त्या सर्वांतून रेंजवर गोळ्या झाडून पाहाव्यात. सध्याच्या मालकाने मूठ स्वतःच्या हातासाठी कोरलेली असेल तर ती आपल्या उपयोगाची नाही, मग ती कितीही देखणी असो. त्या मुठीसाठी जादा पैसे मोजू नयेत आणि कारखान्यातून आलेली मूळ मूठ, चिरलेली किंवा तुटलेली असली तरी, आवर्जून मागून घ्यावी. सांगाड्याशी जुळणारी आतली खाच आणि स्क्रूची जागा तिच्यावर बरोबर असते आणि नवी मूठ कोरणाऱ्या कारागिराला त्याच मापांची गरज पडते.